हात कोणाचा, हुकूम कोणाचा

मंकीज या अमेरिकन रॉक बँडचे नाव निघाले की एक वाक्य हमखास ऐकू येते: ते आपली वाद्येसुद्धा स्वतः वाजवत नव्हते. साठ वर्षे होत आली तरी या वाक्याची धार बोथट झालेली नाही. क्लीव्हलंडच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्या ध्वनिमुद्रिकेला पंचवीस वर्षे झालेला कलावंत प्रवेशाला पात्र ठरतो. मंकीजनी ही अट पुरी केल्याला तीसहून अधिक वर्षे लोटली, तरी २०२५पर्यंत त्यांना आत घेतलेले नाही. दरवर्षी नवी यादी आली की चाहते कुरकुरतात आणि उत्तरादाखल तेच वाक्य फेकले जाते. ते अर्धे खरे आहे. पण पुरे खरे धरले तरी त्यातून नेमके काय सिद्ध होते, हे सांगण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

इतिहास बहुतेकांना ठाऊक असतो, म्हणून तो थोडक्यात. बीटल्सच्या चित्रपटांची धमाल घरोघरच्या पडद्यावर आणावी या हेतूने बॉब रॅफेल्सन आणि बर्ट श्नायडर या निर्मात्यांनी एक विनोदी मालिका आखली आणि सप्टेंबर १९६५मध्ये जाहिरात देऊन मुले शोधली. चारशेहून जास्त उमेदवार आले, चार निवडले गेले. मिकी डोलेन्झ बालनट होता. इंग्लंडहून आलेला डेव्ही जोन्स ब्रॉडवेवर ‘ऑलिव्हर!’मध्ये गाजला होता. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी एड सलिव्हनच्या ज्या कार्यक्रमात बीटल्स अमेरिकेला प्रथम दिसले, त्याच कार्यक्रमात तोही आपल्या नाटकाच्या संचासह गायला होता. पीटर टॉर्क न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या लोकगीत गाणाऱ्यांपैकी, तर टेक्सासचा मायकेल नेस्मिथ स्वतः गाणी लिहिणारा. मालिका १२ सप्टेंबर १९६६ रोजी एनबीसीवर सुरू झाली, ५८ भाग चालली आणि १९६७मध्ये सर्वोत्कृष्ट विनोदी मालिकेचा एमी पुरस्कार घेऊन गेली. पहिले चारही अल्बम बिलबोर्डच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. १९६७मध्ये त्यांची विक्री बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स यांच्या एकत्रित विक्रीहून जास्त होती, ही चाहत्यांची आवडती माहिती मात्र सोडून द्यावी. एका मुलाखतीत आपणच ठोकून दिलेली ती थाप होती, असे नेस्मिथने पुढे सांगून टाकले.

संगीताची सूत्रे डॉन कर्शनर या न्यूयॉर्कच्या प्रकाशकाकडे होती. टॉमी बॉइस आणि बॉबी हार्ट, कॅरोल किंग आणि जेरी गॉफिन, नील डायमंड असे गीतकार त्याच्या हाताशी होते. स्टुडिओत वाजवायला लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कचे पगारी वादक बसत आणि चौघांना बोलावले जाई ते प्रामुख्याने गाण्यासाठी. जानेवारी १९६७मध्ये दुसरा अल्बम बाजारात आला तो चौघांना पुरती कल्पनाही न देता. त्याच महिन्यात बेव्हर्ली हिल्समधल्या एका हॉटेलातल्या बैठकीत नेस्मिथने भिंतीवर ठोसा मारून तिला भोक पाडले आणि कर्शनरच्या वकिलाला सांगितले की हा ठोसा तुमच्या तोंडावर बसू शकला असता. काही आठवड्यांत कर्शनर गेला. मे महिन्यात ‘हेडक्वार्टर्स’ हा अल्बम आला. त्यावर डोलेन्झने ड्रम, नेस्मिथने गिटार आणि टॉर्कने बँजोपासून पियानोपर्यंत हाताला लागेल ते वाजवले. निर्माता चिप डग्लस याने गरजेप्रमाणे बेस धरला. एक आठवडा हा अल्बम पहिल्या क्रमांकावर राहिला. पुढच्या आठवड्यात तिथे बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ येऊन बसला आणि विषय संपला.

मंकीजचा कैवार घेणारे इथेच थांबतात. त्यांचे म्हणणे असे की या मुलांनी बंड केले, वाद्ये हाती घेतली, म्हणून ते खरे बँड ठरले आणि म्हणून मानाचे हक्कदार आहेत. युक्तिवाद भावतो, पण त्यात विरोधकाची कसोटी मुकाट मान्य केलेली आहे. ती मान्य करण्याआधी दोन गोष्टी वेगळ्या काढायला हव्यात: हात कोणाचा आणि हुकूम कोणाचा. तारेवर किंवा कातड्यावर पडणारा हात एकाचा असू शकतो. काय वाजवायचे, कसे वाजवायचे, कुठला टेक ठेवायचा आणि कुठला फेकायचा हा हुकूम दुसऱ्याचा. लोक ज्याला अस्सलपणा म्हणतात त्यात या दोहोंची सरमिसळ झालेली असते.

बीच बॉइजचा १९६६चा ‘पेट साउंड्स’ घ्या. बँडमधली बाकीची मंडळी जपानच्या दौऱ्यावर असताना ब्रायन विल्सनने लॉस एंजेलिसच्या पगारी वादकांना बसवून त्यातले बरेचसे संगीत मुद्रित करायला घेतले. हात भाड्याचे, हुकूम विल्सनचा, आणि त्याला कोणी हिणवत नाही. बर्ड्सचे प्रकरण अधिक मजेचे आहे. ‘मिस्टर टॅम्बोरिन मॅन’ या त्यांच्या पहिल्या मोठ्या ध्वनिमुद्रिकेवर बँडपैकी एकट्या रॉजर मॅग्विनची गिटार आहे. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर लॅरी नेक्टल, पियानोवर लिऑन रसेल, सगळे बाहेरचे. गाणे बॉब डिलनचे. म्हणजे हातही उसने, शब्दही उसने. याच बर्ड्सनी १९६७च्या सुरुवातीला रॉक तारा होण्याच्या कृतीची खिल्ली उडवणारे गाणे काढले आणि अनेकांनी त्याचा रोख मंकीजकडे असल्याचे धरले. बर्ड्सना १९९१मध्ये हॉल ऑफ फेममध्ये मानाने घेतले गेले. ‘यस्टरडे’मध्ये चौघा बीटल्सपैकी एकट्या मॅकार्टनीचा सूर आहे, बाकी तंतुवाद्यांचे चार वादक, तेही कोणाला खटकत नाही, आणि खटकण्याचे कारणही नाही.

विरोधकाला आता नाव देता येईल. नोव्हेंबर १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘रोलिंग स्टोन’ हे नियतकालिक निघाले आणि त्याच्याभोवती रॉक समीक्षेची एक परंपरा उभी राहिली. आपले गाणे आपण लिहावे, आपण वाजवावे, आपण गावे, आणि त्या गाण्यात आपले जगणे असावे, अशी तिची श्रद्धा. नियतकालिकाचा सहसंस्थापक यान वेनर हा हॉल ऑफ फेमच्याही प्रवर्तकांपैकी एक, आणि त्याने मंकीजची वाट अडवली असा जाहीर आरोप टॉर्कने २००७मध्ये केला. आरोप खरा की खोटा याला फारसे महत्त्व नाही. एका माणसाच्या आकसाने तीस वर्षे दार बंद राहात नाही. त्याला बऱ्याच जणांची मनोमन संमती लागते. ती संमती या श्रद्धेतून येते.

ही श्रद्धा हास्यास्पद नाही. डिलन आणि बीटल्स यांनी तीन-चार वर्षांत गाण्याच्या धंद्याचा नकाशाच बदलला होता. पगारी गीतकार, पगारी वादक, पगारी गायक अशी विभागणी मोडून एकाच टोळक्याने सगळे करायचे हा नवा बेत होता आणि त्यातून विलक्षण संगीत निघाले. पण एका काळात फळलेला बेत पुढे सगळ्यांसाठी कायदा झाला की चमत्कारिक प्रसंग उभे राहतात. सुप्रीम्स या मोटाउनच्या गायिकांनी आपली गाजलेली गाणी लिहिली नव्हती, वाजवलीही नव्हती; १९८८मध्ये त्या हॉलमध्ये गेल्या आणि ते योग्यच झाले. मग ही परीक्षा मंकीजनाच का? उत्तर येते: कारण त्यांच्या हातात गिटारी दिल्या होत्या. मालिकेत ते बँड म्हणून दिसत आणि प्रेक्षक त्यांना बँडच समजत होते. फसवणुकीचा हा एक मुद्दा विरोधकाच्या भात्यात खरोखर जड आहे. मात्र तो बर्ड्सनाही तितकाच लागतो. शिवाय मंकीजनी डिसेंबर १९६६मध्ये होनोलुलूत कार्यक्रम केला आणि तिथून पुढे हजारो किंचाळणाऱ्या मुलींसमोर तेच वाजवत राहिले. स्टुडिओत आपल्याला वाजवू देत नाहीत हे गुपित वृत्तपत्रांपुढे फोडले तेही नेस्मिथनेच. विरोधकाच्या हातातला दगड त्याला मंकीजनीच पुरवलेला आहे.

समकालीन वादकांना या भेदभावाचे फारसे सोयरसुतक नव्हते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. शिकागोच्या ब्लूजची कडवी निष्ठा सांगणाऱ्या पॉल बटरफील्ड ब्लूज बँडने १९६६च्या ‘ईस्ट-वेस्ट’ या अल्बमवर ‘मेरी, मेरी’ घेतले; ते नेस्मिथचे गाणे. लिंडा रॉन्स्टॅटला स्टोन पोनीजबरोबर पहिले मोठे यश देणारे ‘डिफरंट ड्रम’ही त्याचेच. १० फेब्रुवारी १९६७ रोजी लंडनच्या ॲबी रोडवर बीटल्सच्या ‘अ डे इन द लाइफ’साठी वाद्यवृंद बसला तेव्हा पाहुण्यांत नेस्मिथ होता. त्याच वर्षी जुलैत जिमी हेंड्रिक्सने मंकीजच्या दौऱ्यात काही दिवस सुरुवातीचा वादक म्हणून कार्यक्रम केले. हेंड्रिक्स गिटारीतून आगपाखड करतोय आणि समोर शाळकरी मुली डेव्हीच्या नावाने ओरडताहेत, हा प्रकार फार दिवस चालणार नव्हता आणि चाललाही नाही.

नेस्मिथविषयी आणखी थोडे, जरी ते थेट विषयाला धरून नसले तरी. त्याची आई बेट नेस्मिथ ग्रॅहम डॅलसमध्ये टंकलेखिका होती. विजेच्या टंकलेखनयंत्रावरच्या चुका खोडरबराने नीट निघत नसत, म्हणून तिने पांढरा रंग बाटलीत भरून बारीक कुंचल्याने चुकांवर फासायला सुरुवात केली. त्यातून ‘लिक्विड पेपर’ हा व्यवसाय उभा राहिला, म्हणजे ज्या जातीच्या द्रवाला आपल्या कचेऱ्यांत व्हाइटनर म्हणतात तो. १९७९मध्ये तो जिलेट कंपनीने ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला. पुढच्याच वर्षी आई वारली आणि वारसाहक्काने मुलाकडे संपत्ती आली. नेस्मिथ तेव्हा गाण्यांच्या चित्रफितींच्या मागे लागला होता. त्याचा ‘पॉपक्लिप्स’ हा कार्यक्रम एमटीव्हीच्या पूर्वसुरींपैकी एक धरला जातो आणि व्हिडिओसाठीचा पहिला ग्रॅमी पुरस्कार त्याच्याच ‘एलिफंट पार्ट्स’ला मिळाला. १९८६मध्ये एमटीव्हीने मंकीजची जुनी मालिका सलग दाखवली आणि बँडला नव्या पिढीचे प्रेक्षक लाभले. दिखाऊपणाचा आरोप ज्या बँडवर होता, त्याच्याच एका सदस्याने पुढच्या दशकातल्या दिखाऊपणाचा पाया घालायला हातभार लावला, हे विरोधकाला सुचायला हवे होते.

मराठी वाचकाला या सगळ्या भांडणात एक गोष्ट बुचकळ्यात टाकील. गाणे एकाने लिहावे, चाल दुसऱ्याने लावावी, गावे तिसऱ्याने आणि ओठ चौथ्याने हलवावेत, यात लबाडी आहे असे इथे कोणाला वाटलेले नाही. ‘मानापमान’मध्ये पदे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांची, चाली गोविंदराव टेंब्यांच्या आणि गळा बालगंधर्वांचा, बालगंधर्वांनी पदे लिहिली नाहीत म्हणून त्यांचे गाणे कोणी उणे मानले नाही. चित्रपट आल्यावर तर गळाही पडद्यावरच्या माणसापासून सुटा झाला. ‘महल’ (१९४९) मधल्या ‘आएगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून छापले होते ‘कामिनी’, म्हणजे मधुबालेच्या पात्राचे नाव. लोक रेडिओकडे विचारणा करू लागले तेव्हा लता मंगेशकर हे नाव सांगितले गेले. पुढे फिल्मफेअरमध्ये पार्श्वगायनाला पुरस्कार नाही, तर आपण सोहळ्यात गाणार नाही, अशी भूमिका लताबाईंनी घेतली आणि १९५९पासून तो पुरस्कार सुरू झाला. इथल्या भांडणाचा रोख निराळा होता. नर्गिस स्वतः का गात नाही, असे कोणी विचारले नाही. जी गाते तिचे नाव कुठे आहे, असे विचारले गेले.

या व्यवस्थेत सर्वांचे भले झाले असे मात्र नाही. गळ्याला नाव मिळाले, हाताला मिळाले नाही. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याहून मुंबईत आलेले व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे मोठ्या संख्येने होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा वाद्यमेळ रचत, आणि पडद्यावरच्या श्रेयनामावलीत अशा अरेंजरची नावे शोधावी लागत. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस सामान्य प्रेक्षकाच्या कानावर पडले ते प्यारेलाल या त्यांच्या शिष्यामुळे, ‘अमर अकबर अँथनी’मधल्या अमिताभ बच्चनच्या विनोदी गाण्यातले एक नाव म्हणून. लॉस एंजेलिसच्या पगारी वादकांची स्थिती याच्या बरीच जवळची होती. तेव्हा मंकीजवरचा राग या निनावी वादकांच्या वतीने असता, तर त्याला अर्थ होता. तसा तो कधीच नव्हता. ज्यांनी प्रत्यक्ष वाजवले त्यांची नावे टीकाकारांनाही ठाऊक नव्हती. हवे होते ते फक्त मंकीजना खाली पाहायला लावणे.

इथवर मुद्दा असा की हाताची कसोटी टिकत नाही, हुकमाची धरावी. ती धरली तर मंकीजचा दर्जा एका अल्बमवर नीट ठरतो: नोव्हेंबर १९६७चा ‘पायसीज, अक्वेरियस, कॅप्रिकॉर्न अँड जोन्स लिमिटेड’. त्यावर बाहेरचे वादक परत आले आहेत, गॉफिन-किंग यांचे ‘प्लेझंट व्हॅली संडे’ आहे, पण काय घ्यायचे ते चौघे ठरवतात. डोलेन्झने विकत घेतलेल्या मूग सिंथेसायझरचा आवाज रॉकमध्ये तेव्हा जवळजवळ कोणी ऐकला नव्हता. तो इथे आहे. ‘हेडक्वार्टर्स’पेक्षा हा अल्बम उजवा आहे. ‘हेडक्वार्टर्स’ कौतुकास्पद आहे, उमदा आहे, आणि ठिकठिकाणी नवशिका आहे. डोलेन्झला ड्रम शिकून जेमतेम काही महिने झाले होते आणि ते ऐकू येते.

पण हुकमाची कसोटी पुढे लावत नेली की तीही हातातून निसटते. १९६८च्या अल्बमवर हुकूम पूर्णपणे चौघांकडे होता. प्रत्येकाने आपापले वादक घेऊन आपापल्या खोलीत आपापली गाणी केली. निकाल विस्कळीत निघाला आणि त्यातले सर्वांत लोकप्रिय ‘डेड्रीम बिलीव्हर’ हे जॉन स्टुअर्ट या बाहेरच्या गीतकाराचे होते. उलट टोकाला ‘आय अॅम अ बिलीव्हर’ आहे. गाणे डायमंडचे, निर्मिती जेफ बॅरीची, वादक न्यूयॉर्कचे, आणि हुकूम कर्शनरचा, ज्याला हाकलणे हा मंकीजचा पराक्रम मानला जातो. हे गाणे चालणारे नाही असे मत नेस्मिथने बॅरीजवळ दिले होते, अशी आठवण सांगतात. हुकूम त्याच्याकडे असता तर कदाचित ते निघालेच नसते. ते सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले, आणि आजही सुरू झाले की अडीच मिनिटे ऐकणाऱ्याला दुसरे काही सुचू देत नाही.

ते तसे का होते, हे शोधू गेले की डोलेन्झच्या गळ्याशी येऊन थांबावे लागते. पहिल्या कडव्यातला थोडा कडवट, स्वतःवर हसणारा सूर आणि ध्रुवपदात एकदम उघडणारा आवाज. यातले काही डायमंडने कागदावर लिहिलेले नव्हते. पुढे डायमंडने ते स्वतः गायले आणि इतरही बरेच गायले, तरी कानात बसलेला आवाज डोलेन्झचाच आहे. ‘लास्ट ट्रेन टू क्लार्क्सव्हिल’मध्ये तो निरोपाची घाई निभावतो आणि ‘स्टेपिंग स्टोन’मध्ये इतका चिरडीला येतो की दहा वर्षांनी सेक्स पिस्टल्सनी ते गाणे हाती घेतले तेव्हा त्यांना त्यात नवा राग घालावा लागला नाही. म्हणजे बंडामुळे मंकीज मोठे, ही कैवाऱ्यांची भूमिकाही सोडावी लागते. भिंतीला भोक पाडण्याआधीचे, चेहरा आणि गळा भाड्याने दिलेले मंकीजच काही बाबतींत अधिक थोर होते. मानासाठी बँड हे एकक धरल्यामुळे ही गोष्ट सांगता येत नाही. पार्श्वगायक हे एकक धरले तर सहज सांगता येते.

हॉल ऑफ फेमने हे एकक नकळत स्वीकारलेही आहे, फक्त अर्धवट. गॉफिन आणि किंग १९९०मध्ये गीतकार म्हणून आत गेले, हॅल ब्लेन २०००मध्ये आणि जेम्स बर्टन २००१मध्ये साथीचे वादक म्हणून. दोघांनीही मंकीजच्या गाण्यांवर वाजवले होते. नील डायमंड २०११मध्ये. २०१२मध्ये खुद्द डॉन कर्शनर, मरणोत्तर. हेंड्रिक्स, रॉन्स्टॅट आणि बटरफील्डचा बँडही आत आहेत. मालिकेत स्वतःला न घेतल्यावर टॉर्कचे नाव सुचवणारा स्टीव्हन स्टिल्स १९९७मध्ये एकाच रात्रीत दोन बँडांबरोबर दोनदा आत गेला. गाणे लिहिणारा, वाजवणारा, विकणारा आणि नाकारला गेलेला, सगळ्यांना जागा झाली; राहिला तो गाणारा. ज्या विभागणीबद्दल मंकीजना दूषण दिले जाते, तीच विभागणी मान वाटताना मात्र बिनतक्रार चालते.

जोन्स २०१२मध्ये, टॉर्क २०१९मध्ये आणि नेस्मिथ डिसेंबर २०२१मध्ये वारला. टॉर्क आणि नेस्मिथ हयात असताना, मालिकेच्या पन्नासाव्या वर्षी, २०१६मध्ये ‘गुड टाइम्स!’ हा अल्बम निघाला. निर्माता ॲडम श्लेसिंजर हा चित्रपटातल्या एका काल्पनिक बँडसाठी ‘दॅट थिंग यू डू!’ हे गाणे लिहून नावारूपाला आलेला. काही गाणी सदस्यांची आणि काही जुन्या साठ्यातली, पण कणा इतरांच्या गाण्यांचा होता: वीझरचा रिव्हर्स क्युओमो, एक्सटीसीचा अँडी पार्ट्रिज, डेथ कॅब फॉर क्यूटीचा बेन गिबर्ड, आणि नोएल गॅलघर व पॉल वेलर यांचे मिळून एक. आपली गाणी आपण लिहिणाऱ्या पिढीतल्या या मंडळींनी १९६६च्या कर्शनरी पद्धतीने पगारी गीतकाराची जागा खुशीने घेतली, आणि गिबर्डचे ‘मी अँड मॅग्डालेना’ नेस्मिथ आणि डोलेन्झ यांनी मिळून असे गायले की ते दुसऱ्या कोणाचे असेल अशी शंका येत नाही. समीक्षकांनी अल्बमचे स्वागत केले. त्यावर वाद्ये कोणी वाजवली, याची चौकशी या वेळी फारशी झाली नाही.